एकही काटा नको

मासेवालीने दोन ताजे, चपटे लेपे फळीवर टाकले. समोर दोघी बहिणी होत्या. सुरी माशाकडे, कान त्यांच्याकडे.

“माझा सोलून चार काप काढा, मावशी. एकही काटा नको,” थोरली म्हणाली. “आज बाबा जेवायला येणारेत.”

“माझा आडवा कापा, काट्यासकट,” धाकटी म्हणाली. “उद्या माझ्याकडे येतायत.”

“तरीच तुझ्याकडे तासभर ताटावर असतात. माझ्याकडे दहा मिनिटांत हात धुतात.”

“हो ना.”

“अगं, या वयात त्यांना काटे काढत बसवतेस?”

“स्वतःचे कुठे, ताई? माझे काढून देतात. लहानपणी द्यायचे तसेच.”

“मला नाही कधी दिले.”

“तू स्वतःच काढायचीस ना.”

मासेवालीने कातडीखाली सुरी घातली.

“थांबा मावशी, सोलू नका! हिच्या लेप्याहून जास्त काट्यांचा मासा आहे का?”