एकच घंटा

लाइनमन : नियम म्हणजे नियम, मावशी. फिल्टर नसेल तर नेट जोडायचं नाही. फिल्टर संपलेत, सोमवारी येतील.

सासूबाई : फिल्टर कशाला लागतो, सांग बघू.

लाइनमन : नेट चांगलं चालावं म्हणून.

सासूबाई : पाठ करून आलायस. अरे, एकाच तारेवर फोन आणि नेट दोन्ही असले, तर बोलण्यात खरखर येऊ नये, फोन उचलल्यावर नेट तुटू नये, म्हणून फोनच्या मागे ती डबी लावतात. या घरात फोन वापरतंय कोण? मग डबी काय शोभेला?

सून : आई, त्यांना त्यांचं काम करू द्या ना. उद्यापासून मला घरून काम करायचंय. रागावून गेले म्हणजे?

सासूबाई : जाऊ देत. एकतीस वर्षं एक्सचेंजमध्ये बोर्डावर बसले मी. असले नियमवाले पुष्कळ पाहिले. तारेतलं ओ की ठो कळत नाही, पण कमरेला पक्कड लटकवून हिंडायचा तोरा बघा.

लाइनमन : बारा वर्षं झाली मला या कामात.

सासूबाई : बारा वर्षं एकाच इयत्तेत बसलं तरी बाराच होतात.

लाइनमन : बरं, जोडतो तसंच. पण घरात फोन नक्की नाही ना? नंतर माझ्या नावानं बोंब नको.

सून : नाही हो. मी या घरात आल्यापासून त्या लाइनवर कोणी बोललेलं पाहिलं नाही. आई ती बंद करू देत नाहीत, एवढंच.

लाइनमन : घ्या. मोडेमवरचा नेटचा दिवा लागला.

सासूबाई : लागणारच. आले मी पाणी पिऊन.

लाइनमन : अरेच्चा. गेला दिवा.

सून : आता हो?

लाइनमन : थांबा... आला परत.

सासूबाई : काय कुजबुजताय? लागला ना नीट? मग उगीच खाटखूट करू नकोस. माझी गोळी राहिली घ्यायची, आलेच.

लाइनमन : वहिनी, रागावू नका. पण तुमच्या सासूबाई आत गेल्या की दिवा जातो.

सून : काहीतरीच तुमचं.

लाइनमन : बघा ना, गेला. आणि आता त्या येताहेत, तर लागेल. लागला. या घरचा नंबर माझ्या कागदावर आहे. मोबाइलवरून लावूनच बघतो.

(आतल्या कपाटातून चादरीत गुंडाळल्यासारखी घंटा वाजते. सासूबाई आत धावतात.)

सून : आई, जपून!

लाइनमन : फोन नाही म्हणे. वर मलाच अक्कल शिकवत होत्या. फोन उचलल्यावर नेट तुटतं, मघाशी यांनीच सांगितलं.

सून : आई? अशा दारातच का थांबलात?

सासूबाई : दुसरी वाजली.

सून : दुसरी काय?

सासूबाई : घंटा. ती एकच देते.

सून : कोण ती?

सासूबाई : बोर्डावर माझ्या शेजारी बसायची ती. मुलानं नेली तिला लांब. रोज चार वाजता मी एक घंटा देऊन ठेवते, मग ती एक देते. उचलायचं नाही. मी आहे, तू आहेस, झालं.

सून : आणि म्हणे फोन वापरत नाही.

सासूबाई : बोलत कुठे होतो? जन्मभर दुसऱ्यांची बोलणी जुळवून दिली. आमच्याकडे बोलायचं काही उरलंच नव्हतं.

लाइनमन : मग आत्ता दोनदा उचललात तो?

सासूबाई : टोन आहे का बघायला. आठ दिवस तिची घंटा नाही. म्हटलं, टोन असला तरी बाहेरचा फोन आत येत नसेल. तुम्ही लोक खांबावर चढून काय उपटता, तुम्हालाच ठाऊक.

लाइनमन : लाइन ठणठणीत आहे, मावशी. माझा फोन लागला की.

सासूबाई : तेच तर. कोणी सांगितलं होतं लावायला?

लाइनमन : ...बॅगेत एक फिल्टर आहे. तो लावतो फोनला.

सासूबाई : संपलेत म्हणालास.

लाइनमन : साहेबांच्या घरासाठी ठेवलेला.

सासूबाई : वाटलंच. लाव, आणि साहेबाला सांग सोमवारी येतील.

सून : आई, इकडे बसा. फोन लावा तिला. आणि आज एका घंटेवर ठेवायचा नाही.

सासूबाई : चार वाजले नाहीत अजून.

सून : नसू देत.

सासूबाई : दुसऱ्याच कोणी उचलला तर?

सून : तर मी बोलेन.

सासूबाई : तू नको. तू फोनवर ओरडतेस. सरक. नंबर बघावा लागत नाही, बोटांना पाठ आहे.

लाइनमन : लागला का?

सासूबाई : वाजतोय. गप्प बसा दोघं.

सून : उचलला कोणी?

सासूबाई : तिसरी.

सून : आई...

सासूबाई : चौथी.