मातीच्या भिंतीवरचे सिमेंट

इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यातल्या एका खेड्याच्या दवाखान्यात आपल्या पाळीची वाट पाहत बसलेल्या वृद्ध गवंडी सायलसच्या कानी शेजारच्या दोघी बहिणींचे बोलणे पडत होते.

“मेरियल, आईच्या खोलीची मातीची भिंत आणखी फुगलीय गं.”

“चारशे वर्षं उभी आहे, एनिड. आजच पडणार होय?”

“चारशे वर्षं चुन्याचा गिलावा होता, त्यातून ओल बाहेर सुकायची. बाबांनी बाहेरून सिमेंट करून घेतलं, तेव्हापासून ओल आतच कोंडलीय. बोट दाबलं तर चिखल लागतो.”

“आणि आई?”

“त्याच भिंतीला खेटून निजलीय. म्हणते, इथून हलायची नाही.”

“कुठल्या शहाण्यानं लावलं ते सिमेंट?”

सायलसने डोक्यावरची टोपी उतरवली.

“मी लावलं, बाई. आधी घरी चला. त्यांना उचलूनच बाहेर आणू.”