सत्तावीस छत्र्या

लेक : चोपन्न ठिपके. म्हणजे चोपन्न झाडं. याहून कमी होत नाहीत, बाबा. कंप्युटरनं दीड लाख मांडण्या तपासल्या.

बाबा : मग दीड लाख वेळा चुकला तो.

लेक : कुठे चुकला?

बाबा : हा नकाशा धर नीट. हे इस्पितळ, हा बसथांबा, हा मधला रस्ता. ऊन कुठाय यात?

लेक : आहे की. कुणालाही सलग चाळीस पावलांहून जास्त उन्हात चालावं लागू नये, ही अटच घातली आहे मी.

बाबा : ऊन घातलंस, पण ते कुठून येतं ते नाही घातलंस. दुपारी दोननंतर ऊन मावळतीकडनं येतं. त्या बाजूला चार-चार मजली इमारती. त्यांच्या खालच्या फुटपाथवर तेव्हा त्यांचीच सावली असते. तिथे झाडं लावायची म्हणजे भरल्या हंड्यात पाणी ओतायचं.

लेक : आणि इस्पितळ, थांबा, दोन्ही समोरच्या बाजूला.

बाबा : तिथेच माणसं भाजतात. बागखात्यात तीस वर्षं माळी होतो मी. त्या फुटपाथवर खुरपं घेऊन बसलोय. मला नकाशा काय दाखवतेस.

लेक : थांबा, मावळतीची बाजू काढते. सत्तावीस. बाबा, निम्मी झाली.

बाबा : झाली ना? मग उरलेली घेऊन शाळेच्या रस्त्याला जा.

लेक : खात्याकडे यंदा एकशेवीस रोपं आहेत. शाळा, बाजार, वाचनालय... कोपऱ्यावरचं झाड दोन रस्त्यांना पुरतं. म्हणजे पाच रस्ते. पाच रस्ते सावलीत येतात, बाबा.

बाबा : आणि साहेब ती एकशेवीसच्या एकशेवीस हमरस्त्याच्या दुभाजकात लावणार. त्यांचं ठरलंय.

लेक : उद्या बघायला येतो म्हणालेत.

बाबा : काय बघायला? ठिपके? मी एकदा तोंड उघडलं तर म्हणाले, माळ्यानं माळीकाम करावं. माझं सोड, माझी कातडी गेंड्याची. पण चार लोकांत तुझं हसं झालेलं मला बघवायचं नाही, पोरी.

लेक : ठिपके नाही दाखवणार. कॉलेजात मी शिकवते त्या वर्गातल्या सत्तावीस जणांना सांगते, मोठ्या काळ्या छत्र्या घेऊन या. एकेका ठिपक्यावर एकेकानं उभं राहायचं.

बाबा : आणि मग?

लेक : मग साहेबांना त्या रस्त्यानं चालवते.

बाबा : फुटपाथच्या रस्त्याकडच्या कडेला उभं राहायला सांग त्यांना. भिंतीला टेकले तर सावली भिंतीवर चढेल.

(दुसऱ्या दिवशी दुपारी अडीच वाजता, इस्पितळाच्या फाटकाबाहेर. बागखात्याचे साहेब गाडीतून उतरतात.)

साहेब : हे काय, मोर्चा आहे का?

लेक : नाही साहेब, झाडं आहेत. सध्या छत्र्या धरून उभी आहेत.

साहेब : काका, तुम्हीपण? निवृत्तीनंतर आराम करायचा.

बाबा : गुडघे करतात आराम. मी आपला त्यांना फिरवून आणतो.

साहेब : बाई, स्पष्टच सांगतो. आराखडा मंजूर आहे. हमरस्त्यावर एका ओळीत झाडं असली की टँकर एका फेरीत पाणी घालतो. तुमची ही विखुरलेली झाडं जगवणार कोण?

लेक : सांगते. आधी थांब्यापर्यंत चालाल? हजारेक पावलं आहेत. उन्हातली तुम्हीच मोजा. कुठेही सलग चाळीसच्या वर गेली तर मी हा कागद फाडते.

साहेब : चाळीसच का? शंभर का नाही?

लेक : महिनाभर या फाटकातून बाहेर पडणाऱ्या दोनशे म्हाताऱ्या माणसांच्या मागे चालले. बहुतेकजण चाळीस-पन्नास पावलांवर थांबतात. आधाराला भिंतीवर हात टेकतात. भिंत तापलेली असते, लगेच काढतात.

साहेब : हं. चला. एक, दोन...

बाबा : सावकाश, साहेब. म्हाताऱ्याच्या चालीनं.

साहेब : ...सदतीस, अडतीस. सावली. बरं.

बाबा : जगवायचं विचारलंत. दुभाजकात मागे लावलेली झाडं आठवतात? शंभरातली एकोणीस जगली.

साहेब : ते दोन उन्हाळे वाईट होते.

बाबा : उन्हाळे सगळ्याच झाडांना होते. दुभाजकात वीतभर माती, खाली काँक्रीट. मी लावली, मीच उपटली. मुळं बोटभर. पाणी वेळेवर यायचं, साहेब. जायला जागा नव्हती.

साहेब : हे तेव्हाच सांगायचं.

बाबा : सांगितलं होतं.

साहेब : ...हो. सांगितलं होतंत.

लेक : टँकरचंही मांडलंय. पाचही रस्ते एकाच फेरीत होतात, एकाही रस्त्यावर दोनदा न जाता. तुमच्या हमरस्त्यापेक्षा दहा मिनिटं जास्त लागतात, ते लपवत नाही.

साहेब : दहा मिनिटं चालतील. एकोणचाळीस. सावली. मागून ही कोण माणसं येतायत? तुम्ही बोलावलीत?

लेक : नाही. इस्पितळातून सुटलेली आहेत. सावली दिसली, तिच्यामागे निघाली.

बाबा : पंधरावीस तरी आहेत. त्यातला एकही भिंतीला हात लावत नाही, बघा.

साहेब : हा आला थांबा. चाळीसच्या वर कुठेच गेलं नाही. एरवी इथवर येईतो सदरा पिळून काढावा लागतो. बाई, हे सगळं एकटीनं काढलंत?

लेक : मी चोपन्न काढली होती. त्यांची सत्तावीस बाबांनी केली.

साहेब : आराखडा उद्या परत मागवतो. नव्यावर तुम्हा दोघांच्या सह्या लागतील.

बाबा : माझी? मी माळी. मी कुठे करू?

साहेब : जिथे 'तज्ज्ञ' असं छापलंय, तिथे.

लेक : बाबा, खिसे काय चाचपताय?

बाबा : पेन लागेल मग. माझ्याकडे नाहीये.

साहेब : हे घ्या, ठेवा. आता सांगा काका, पहिला खड्डा कुठे घेऊ?

बाबा : त्या शेवटच्या छत्रीखाली आजी बसल्यात ना, तिथे. पण आधी त्यांची बस येऊ द्या.