फुटबॉल फरबांडाच्या इतिहासातलं गाळलेलं पान

मंडळी, कामाचा दिवस असूनही इतके जण आलात. वृंदावहिनींनी मला बोलायला सांगितलं, तेव्हा मी आधी नको म्हणालो. एक तर अरविंदबद्दल 'होता' म्हणायची अजून सवय नाही. दुसरं म्हणजे मला आज राग आलाय, आणि शोकसभेत रागाने बोलू नये असं आपल्याकडे म्हणतात. वहिनी म्हणाल्या, "रागानेच बोला. ह्यांना चाललं असतं."

तर बोलतो.

समोर ते मोठं पुष्पचक्र दिसतंय ना, ते इथल्या फुटबॉल फरबांडाने पाठवलंय. फरबांड म्हणजे आपल्या भागातल्या सगळ्या लहानमोठ्या क्लबांची संघटना. त्यांचे दोन पदाधिकारी शेवटच्या रांगेत बसलेत. फितीवर लिहिलंय, 'आमच्या निष्ठावान पंचास'. निष्ठावान! मंडळी, या निष्ठावान पंचाला शेवटची काही वर्षं त्यांनी एकही सामना दिला नाही. का दिला नाही, तेवढंच सांगायला मी उभा आहे.

अरविंद सबनीस पुण्याहून इथे जर्मनीत, स्टुटगार्टला आला तो गिअरबॉक्सच्या कामासाठी, कंत्राटावर. ऑफिसात कुणी जेवायलाही बोलवायचं नाही. माणसं भेटावीत म्हणून त्याने फुटबॉलच्या पंचाची परीक्षा दिली. चिखलात, गारठ्यात, खेड्यापाड्यांतल्या मैदानांवर शिट्टी घेऊन धावायचा. वहिनी विचारायच्या, सुट्टीच्या दिवशी लोकांच्या शिव्या खायला कशाला जाता? तो म्हणायचा, शिव्या कळायला लागल्या की भाषा आली म्हणायचं. त्या मैदानांनी त्याला या गावाचा केला. निदान त्याला तसं वाटत होतं.

पुढे फरबांडाचा मोठा वर्धापनदिन आला. स्मरणिकेसाठी सुरुवातीचा इतिहास लिहायला कुणी तयार नव्हतं, कुणालाच वेळ नव्हता. अरविंद निवृत्त झाला होता. तो म्हणाला, मी लिहितो.

काय रमला होता तो त्यात! मला फोन करून सांगायचा. पहिल्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. व्यायामशाळावाले फुटबॉलला इंग्रजांचा रोग म्हणायचे. मैदान म्हणजे एका खाटकाचं कुरण. गोलचे खांब संध्याकाळी उपटून गावच्या खानावळीत, गास्टहाउसात ठेवायचे, नाहीतर कुणीतरी सरपणाला न्यायचं. प्रत्येक क्लबाचे नियम वेगळे, म्हणून प्रत्येक सामन्याचा शेवट मारामारीत. या सगळ्यांना एका टेबलाशी बसवलं ते आल्फ्रेड लिंडाउअर नावाच्या तरुणाने. कापडाच्या दुकानदाराचा मुलगा, इंग्लंडमध्ये धंदा शिकून आलेला, ज्यू. त्याने सगळ्यांना एकाच नियमांवर राजी केलं. वडिलांच्या दुकानातलं कापड देऊन संघांचे सदरे शिवून घेतले. फरबांडाचा पहिला अध्यक्ष तोच, आणि पंच मिळाला नाही तर पंचही तोच. अरविंद म्हणायचा, "बघ, माझ्यासारखाच. धावायला कुणी नसलं की हा."

पण नाझी सत्तेवर आल्यानंतरच्या कागदांत या माणसाचं नावच कुठे सापडेना. मग अरविंद एका वृद्धाश्रमात गेला, फ्राउ ब्राउन नावाच्या आजींना भेटायला. त्यांचे आजोबा पहिल्या संघाचे गोलकीपर, लिंडाउअरचे जिवलग मित्र, आणि त्याच्यानंतरचे अध्यक्ष. फरबांडाचा चषक आजही त्यांच्याच नावाने देतात. आजी म्हणाल्या, "वरून हुकूम यायच्या आधीच आजोबा लिंडाउअरच्या दारात गेले होते. उद्यापासून येऊ नकोस म्हणाले. घरी येऊन जेवले, आणि आयुष्यभर म्हणत राहिले की आमचा नाइलाज होता."

लिंडाउअरला पुढे आगगाडीत घालून पूर्वेकडच्या छळछावणीत नेलं. तो परत आला नाही.

अरविंदने हे लिहिलं. आरडाओरडा न करता, एका पानात. फरबांडाने त्याला बैठकीला बोलावलं. आनंदाचा सोहळा आहे, म्हणाले. ही जागा योग्य नाही, म्हणाले. आणि एक जण, अगदी मऊ आवाजात, म्हणाला, "सबनीससाहेब, हा तुमचा इतिहास नाही."

इतकी वर्षं त्यांच्या चिखलात धावलेल्या माणसाला! चिखलात तो चालतो, इतिहासात चालत नाही?

स्मरणिका छापून आली. ते पान गाळलेलं. त्याच्या जागी एकच वाक्य होतं, 'लिंडाउअर यांनी पुढे संघटना सोडली.' आणि लेखक म्हणून खाली अरविंदचं नाव.

सोहळ्यात त्याला सत्कारासाठी मंचावर बोलावलं. मी शेजारी होतो. तो जागेवरच उभा राहिला आणि म्हणाला, "ते वाक्य माझं नाही. लिंडाउअरने संघटना सोडली नाही. तुम्ही त्याला हाकललंत." मग कुणीतरी बँडला खूण केली आणि वाद्यं सुरू झाली.

त्यानंतर त्याला सामने मिळाले नाहीत. ते त्यांचं झालं. आता आपलं.

आपल्या इथल्या मराठी मंडळाच्या क्रीडादिनाला मैदान फरबांडच देतं. ते हातचं जाईल म्हणून आपल्यातले काही जण अरविंदकडे गेले. ते आज इथे आहेत, नावं घेत नाही. म्हणाले, अरविंदराव, आपण पाहुणे आहोत इथे, कशाला त्यांच्या भानगडीत पडता, सॉरी म्हणून टाका. अरविंदने त्यांना चहा दिला आणि विचारलं, "पाहुणे किती वर्षं राहायचं?" चहा पिऊन मंडळी उठली. मैदान मिळालं. क्रीडादिन छान झाला. अरविंदला बोलवायचं तेवढं राहून गेलं.

तरी तो रविवारी जायचा. जाळीबाहेर उभा राहून पोरांचे सामने बघायचा. तिथेच, गेल्या आठवड्यात, मध्यंतरात तो खाली बसला. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा सगळं संपलं होतं. वहिनी, तुम्हाला हे पुन्हा ऐकावं लागतंय, माफ करा.

मंडळी, आता एक मिनिट शांत उभं राहायची रीत आहे. मी ते मागणार नाही. शांत राहणं आपल्याला फार चांगलं जमतं, आणि मागच्या रांगेलाही.

अरविंदच्या मीराला तुम्ही ओळखता. लेकीला बाबाचं मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र ती जर्मनमध्ये द्यायची. आज तेच उपयोगी पडणार आहे. गाळलेलं ते पान ती आता मोठ्याने वाचणार आहे, अरविंदने लिहिलं तसं, जर्मनमध्ये, म्हणजे मागच्या रांगेतल्या पाहुण्यांना दुभाष्या लागणार नाही. सगळे उभे राहा, ते संपेपर्यंत कुणी बसू नका, आणि कृपा करून दाराकडे जाऊ नका.

मीरा, ये बाळा. वाच.