डब्याच्या चाकात पाणी

हॅलो?… हॅलो, कोण?… भिवापूर? हाव, हाव, मीच देवकीबाई. जोडा ताई, लवकर जोडा…

गांधीबागेत ओमप्रकाश शेठच्या कापडदुकानात, गादीशेजारच्या फोनवर देवकीबाई ट्रंककॉल जुळायची वाट पाहत उभ्या होत्या. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरात, म्हणून रिसीव्हर डाव्या कानाला. यजमान मधुकरबुवांचं कीर्तन ज्या गावी, त्या गावी देवकीबाई, असा त्यांच्या संसाराचा शिरस्ता होता. जीपच्या मागे दोन चाकांचा एक डबा जोडलेला असे. त्यात बुवांची निजायची फळी, पेटी, मृदंग, स्टोव्ह. लोक त्याला ट्रेलर म्हणत, घरचे नुसता डबा. त्या डब्याच्या चाकांना देवकीबाईंनी आजवर दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नव्हता. ग्रीस भरायचं तर त्यांनीच. पण हात मोडला, आणि या फेरीला डबा सुनेच्या हवाली करून त्या घरी राहिल्या.

हॅलो… प्रेमिला? अवं, ओरडू नको, कान फुटला माझा… आता इतकी हळूही नको. हां, अशी बोल. बुवा बरे आहेत ना?… जेवले?… घसा?… ज्येष्ठमध दे. अन् संध्याकाळपर्यंत बोलू नका म्हणा, गावातले लोक येऊन बसतात गप्पा माराले… बरं, बरं. नुसती खुशाली सांगायले तू पोस्टात जाऊन बसली नसशील. काय झालं?

… चाक?

कोणतं चाक?… डावं. काय झालं त्याले?… थांब. गरम किती? तळहात ठेवता येत होता की चटका बसून उचलावा लागला?… ठेवता येत होता ना? मग कोमट झालं म्हण. नागपूरहून उमरेड, उमरेडहून भिवापूर, इतकं चालून आलं ते. कोमट होणारच. त्यात घाबरायचं काय…

काय घातलं?

पाणी?… कोणी घातलं पाणी?… तुळसाबाईनं! अवं माय!

दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांनी मागे वळून पाहिलं. कीर्तनकाराची गाडी गावात आली की सुवासिनी तांबे भरून येतात, चाकांवर पाणी घालतात, हळदकुंकू लावतात. पाहुण्याचा मान तो, आणि भिवापुरात तुळसाबाई त्यात सगळ्यांत पुढे. पण चालून आलेल्या चाकाचा हब, म्हणजे मधला तुंबा, कोमट असतो. त्यावर गार पाणी पडलं की तो ते आत ओढून घेतो, आणि आतलं ग्रीस नासतं. देवकीबाईंना हे एका नाल्यानं शिकवलं होतं. नाल्याच्या पाण्यातून काढलेलं चाक पुढे रस्त्यातच जाम झालं, आणि आख्खी रात्र त्या चाकाशेजारी बसून काढली होती त्यांनी.

तू कुठं होती तेव्हा?… तिथंच उभी? अन् पाहत राहिली?… मी असती ना, तर तांब्या हिसकला असता हातातून!… हाव, हिसकलाच होता मागच्या खेपेले. त्याच तुळसाबाईच्या हातातून. वाचलं ना चाक?… काय?… हे कोण म्हणते?

… त्या रात्री कीर्तनात बायकांची बाजू रिकामी होती? अवं, थंडी होती त्या दिवशी… होती थंडी, मले आठवते ना… बरं, नसेल. उन्हाळा असेल. म्हणून काय पाण्यात चाक बुडवायचं?

काय म्हणाली?… परत म्हण, आवाज तुटून राहिला… "त्या बायांनी सकाळपासून पाणी भरून ठेवलं होतं, मले नाही म्हणवलं नाही. घालू देलं, पाया पडली, मग…"

मग काय?… हॅलो? मग काय केलं?… हॅलो!… हाव ताई, चालू आहे बोलणं, आणखी तीन मिनिटं वाढवा. वाढवा म्हटलं ना, सुनेचा फोन आहे माझ्या!

हां, प्रेमिला, ऐक. आता अवं-तवं नको, नीट ऐक. चाकाले हात लावायचा नाही. जीप हलवायची नाही. आजचं कीर्तन तिथंच आहे, ते होऊ दे. उद्याच्या पहिल्या गाडीनं मी येते… प्लास्टर आहे तर काय? तोंडाले प्लास्टर आहे का? मी बसते बाजूले अन् सांगते, तू कर… उद्याच पवनीले?… काला किती वाजता?… सकाळीच. हाव, काल्याचं कीर्तन दुपारी कोण ऐकते. सात दिवस लोक नामात बसले, अन् दहीहंडी फोडाले बुवाच नाही, असं कसं चालल…

देवकीबाईंचा आवाज खाली आला. पवनीचा सप्ताह, त्याचा काला, आणि बुवा तिथे पोचणार की नाही ते एका चाकावर. त्या तर गांधीबागेत, मोडका हात घेऊन.

मग आता कसं करायचं वं… थांब, विचार करू दे…

काय?

उघडलं?… कोणी?… तू?… कधी?… बुवा चहा घेत होते तेव्हा. बरं. टोपण काढलं, पिन काढली, नट काढला… हाव, हाव, ते समजलं. आतलं ग्रीस कसं होतं?… पांढरं? ताकासारखं पांढरं?… तेच सांगून राहिली होती मी! पाणी गेलं आत. मग?… सगळं काढलं? बोट घालून?… अन् धुतलं कशात?… घासलेटात. शाब… बरं केलं.

थांब, एक सांग. धुतलेलं बेरिंग वाळवलं कुठं? भिवापुरात सगळीकडे मिरची वाळत पडली असल, उघड्यावर ठेवलं असशील तर एक बी पुरे आहे सत्यानाश कराले… डब्यात? दार लावून? कशावर ठेवलं?

… बुवाच्या उपरण्यावर?

ओमप्रकाश शेठ आता हिशेब सोडून ऐकत होते.

कीर्तनाच्या उपरण्यावर? त्या पांढऱ्या?… त्याहीनंच देलं? "घे बाई, देवाच्या कामालेच आहे ते"? असं म्हणाले?… आता संध्याकाळी काळे डाग घेऊन उभे राहतील ते. राहू दे. पाहतील लोक… नाही वं, मी रागावून नाही राहिली. हसून राहिली. खोकला नाही तो.

बरं, आता खरं सांग, मले दिसत नाही म्हणून काही सांगू नको. रोलर पाह्यले?… एकेक? तापून निळे तर नव्हते पडले?… चांदीसारखे. खडबडीत?… नख फिरवलं? वा… बरं. अन् ग्रीस कसं भरलं? वरून थापलं असशील पुरणासारखं… नाही? मग सांग… तळहातावर गोळा घेतला… बेरिंगची रुंद बाजू त्यावर दाबली… हाव… दाबत गेली… कधीपर्यंत?… दुसऱ्या बाजूनं रोलरच्या मधून वर येईपर्यंत. हाव. मग फिरवून पुन्हा.

हे तुले कोणी शिकवलं? मी तर कधी…

पाहून?… मी करत असताना? तू तर तिकडे पोळ्या लाटत होती!

देवकीबाई स्टुलावर बसल्या. इतकी वर्षं त्या डब्याच्या सावलीत गुडघे टेकून चाकाशी बसत, आणि पलीकडे स्टोव्हपाशी ही मुलगी मान खाली घालून पोळ्या लाटत असे. तिची मान खाली असली तरी डोळे कुठे होते, ते आज कळत होतं.

आता शेवटचं. नट कसा आवळला?… नाही, माणसं तिथंच चुकतात. बुवाची गाडी म्हणून कवडूनं अंगातला सारा जोर लावला असल, अन् बेरिंग जळून जाईल पवनीच्या… काय?… कवडूले हात लावू देला नाही? ड्रायव्हर आहे वं तो!… तूच आवळला. चाक फिरवत फिरवत… मग थोडा मागे सोडला… मग पिन. नवी पिन? कुठून?… तुळसाबाईच्या घरून! त्याहीच्या ट्रॅक्टरची?… अवं, जिनं पाणी घातलं तिच्याच घरची पिन! अन् तिनं देली?… स्वतः घेऊन आली? चाकाले हात लावून नमस्कार करून गेली?

… अन् आज कीर्तनाले बायकांना घेऊन येते म्हणाली.

हाव. ऐकलं मी. पुन्हा नको सांगू.

वर-खाली धरून हलवून पाह्यलं चाक?… खडखड नाही. फिरते?… आवाज नाही. बरं. आता मले काही विचारायचं राहिलं नाही… काय?… उजवं?

उजवं काहून उघडलं? ते तर गरमही नव्हतं!… दोन्ही चाकांवर पाणी घातलं होतं… हाव. घातलं असेलच. मान देताना कोणी एका चाकाले देते का.

… नाही, मी आहे इथंच. ऐकून राहिली.

मले सुचलं नव्हतं वं, प्रेमिला. मी डाव्याचंच विचारत बसली… अन् काय निघालं उजव्यात?… तेही पांढरं! अन् गरम न होता!… तसंच गेले असते तुम्ही पवनीले, तर रस्त्यातच… नाही, नको बोलू ते. भरलं ना? झालं मग.

शेठ, ऐकलं का? दोन्ही चाकं उघडली म्हणते! माझी सून!… तुले नाही, इथं शेठले सांगून राहिली.

कोण?… दे, दे त्याहीले…

हॅलो… अहो, घसा जपा, बोलू नका जास्त… ऐकलं मी सगळं. उपरण्याचंही ऐकलं… आता मले काहून विचारता, निघायचं का म्हणून?… हाव, आजवर विचारत होते. आजवर चाक मी भरत होती. आता ज्या हातानं भरलं, त्या हातवालीले विचारा… नाही, मी काही सांगत नाही. ती तिथंच उभी आहे ना? विचारा. मी धरते फोन.

देवकीबाईंनी रिसीव्हर कानाशी घट्ट दाबला. तारेतल्या खरखरीच्या पलीकडून बुवांचा प्रश्न आला. आणि मग प्रेमिलाचा आवाज. सासूला विचारतानाचा नव्हे, दुसराच. "कवडूभाऊ, पहाटे जीप जोडायची. पवनीले निघायचं."

हां! अशी! प्रेमिला, शाबास वं… प्रेमिला? हॅलो?… हॅलो!… ताई, काहून तोडलं?… हॅलो?

त्यांनी रिसीव्हर ठेवला. लगेच पुन्हा उचलला आणि शेठपुढे धरला.

"लावा गा शेठ, भिवापूर पुन्हा लावा… नाही, काम काही नाही. शाबास म्हटलेलं तिच्या कानापर्यंत गेलं नाही."