आपल्या वार्डाचा बंब

आंजीच्या बसची वाट पाहत गादीवाल्या प्रमिलाबाई आणि नगर परिषदेच्या बंबाचे ड्रायव्हर प्रेमदास माझ्या शेजारच्या बाकड्यावर बसले होते.

“प्रेमदासभाऊ, नवा बंब आला म्हणते. ॲम्बुलन्स बी येणार होती ना?”

“मंजुरी एकाच गाडीची आली, काकू. ॲम्बुलन्स पुढच्या साली.”

“मंग बंब उभा कुठी राह्यते?”

“सातही मेंबर म्हणे, माह्याच वार्डात ठेवा. मंग ठरलं, रोज एका वार्डात. तुमचा गुरुवार.”

“म्हणजे आजच. बरं झालं बाई. दुकानात छतापर्यंत कापूस हाय आन सून एकटी. आता निवांत जाते मी. तुम्ही कुठी निंघाले?”

“आंजीलेच, सासुरवाडीले. गुरुवारी सुट्टी राह्यते माही.”

“आन बंब कोण चालवते?”

“मंजुरी गाडीची होती. दुसऱ्या डायवरची नाई.”

“मंग सुट्टी दुसऱ्या वारी घ्या ना.”

“बाकीचे सहा मेंबर आपल्या वारी सुट्टी देऊन नाई राह्यले. सुट्टी ठरली त्या मीटिंगले तुमचे मेंबर नव्हते.”

प्रमिलाबाईंनी सुनेला फोन लावला.

“हर्षा, देवापुढची उदबत्ती विझव. आज आपला गुरुवार हाय.”