तासातली पाच मिनिटं

पोस्टातल्या रांगेत नुन्झियाकाकू होत्या. समुद्राच्या तळाशी यंत्राचा कान लावून बसणाऱ्या रोझारियोला त्यांनी तिथेच गाठलं.

"आभाळातला तो न्यूट्रिनोचा कण पाण्यात टिचकी मारेल, तीसुद्धा तुमच्या यंत्राला ऐकू येईल म्हणतोस. मग माझ्या पेप्पेची बोट बुडताना नाही का रे ऐकू आली?"

"काकू, यंत्र दर तासाची पहिली पाचच मिनिटं टिपून ठेवतं."

"पाचच?"

"आम्हाला वाटलं, तेवढी पुरे."

"सापडला का तो न्यूट्रिनो?"

"नऊ वर्षांत एकही नाही."

"आणि त्या दिवशी?"

"दहाच्या पाच मिनिटांत पेप्पेचं इंजिन आहे. नीट चाललंय."

"अकराच्या?"

"नुसते देवमासे, काकू."

"मग मला दहाचीच ऐकव."